देवळांचे आणि वारशाचे सचित्र टपाल शिक्के: टपालाने मागवावेत की जाऊन घ्यावेत?

टपालखूण
देवळं, लेणी आणि किल्ले एवढाच विषय धरून सचित्र शिक्क्यांचा संग्रह करायचा विचार आहे. पहिल्या दिवसाचे शिक्के आणि विशेष पाकिटांवरचे एक दिवसाचे शिक्के सध्या बाजूला ठेवले आहेत. ते त्या दिवशी हुकले की दलालाकडूनच घ्यावे लागतात. मला हवेत ते कायमस्वरूपी सचित्र शिक्के, म्हणजे आपले पीपीसी (पर्मनंट पिक्टोरियल कॅन्सलेशन). ते ठरावीक टपाल कार्यालयात ठेवलेले असतात आणि मागितल्यावर मारून मिळतात.

प्रश्न तीन:
१. पाकिटं टपालाने पाठवून शिक्के मारून मागवले तर चालतं का, की स्वतः खिडकीवर उभं राहिल्याशिवाय दर्जा मिळत नाही?
२. देवाचं चित्र असलेल्या तिकिटावर शिक्का घ्यावा का? घरात यावरून दोन तट पडलेत.
३. कुठे कुठे शिक्का आहे त्याची भरवशाची यादी कोणती?

कागदी_घोडा
पहिल्या प्रश्नाचं उत्तर: चालतं, पण नशीब चालावं लागतं.

शाईवाला
नशिबाचा भाग थोडा, तयारीचा भाग जास्त. ठसा का बिघडतो ते आधी समजून घ्या, मग टपालाने मागवलं तरी बरंचसं आपल्या हातात राहतं.

बरेच सचित्र शिक्के रबरी असतात. त्यात देवळाचं शिखर, त्यावरचे बारीक थर, कळस, कडेने गावाचं नाव आणि पिनकोड असं सगळं तीन-साडेतीन सेंटिमीटरच्या गोलात बसवलेलं असतं. पॅडवर शाई जास्त झाली की सगळ्यात आधी शिखराच्या थरांमधल्या फटी बुजतात आणि देऊळ नुसतं काळं त्रिकोणी दिसायला लागतं. शाई कमी असेल तर बाहेरचं कडं अर्धवट उठतं, आणि नेमका पिनकोडच जातो. तिसरी तऱ्हा म्हणजे शिक्का तिरका टेकणं. एका बाजूची रेघ जाड, समोरची गायब. हे बहुतेक वेळा मारणाऱ्याच्या हातामुळे होत नाही, पाकिटामुळे होतं. लिफाफ्याची मागची शिवण किंवा आत घातलेल्या कागदाची कड बरोबर तिकिटाखाली आली की पृष्ठभाग दोन पातळ्यांचा होतो आणि रबर उंच बाजूवरच टेकतं.

उपाय स्वस्त आहे. लिफाफ्यात त्याच मापाचं 250 ते 300 जीएसएमचं (चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचं) एक सपाट कार्ड सरकवा, उजव्या वरच्या कोपऱ्यापर्यंत पोचलेलं. लिफाफा असा निवडा की ज्याची शिवण मध्यावर किंवा डावीकडे आहे. झाकण चिकटवू नका, नुसतं आत दुमडा.

चिकटपट्टी
शाईवालांच्या म्हणण्याला पुरवणी. गुळगुळीत आर्टपेपरचे लिफाफे घेऊ नका. तेलकट शाई त्यावर वाळतच नाही, गठ्ठ्यात पुढच्या पाकिटाच्या पाठीवर उलटी उमटते. साधा, किंचित खरबरीत पांढरा किंवा फिकट बदामी कागद उत्तम. आणि प्रत्येक दोन पाकिटांमध्ये टिपकागदाचा तुकडा ठेवूनच गठ्ठा पाठवा. परत पाठवणारा माणूस तो तसाच मध्ये ठेवतो, निदान फेकून देत नाही.

गल्लीबोळ
आणि तिकीट? गडद तिकिटावर काळा शिक्का म्हणजे अमावस्येला कावळा शोधणं.

चिकटपट्टी
@गल्लीबोळ, अगदी. फिकट रंगाचं नेहमीच्या मालिकेतलं, म्हणजे रोजच्या टपालाला लावतात ते तिकीट लावा. वरच्या आणि उजव्या कडेपासून साधारण एक सेंटिमीटर आत, आणि तिकिटाच्या डावीकडे किमान चार सेंटिमीटर जागा कोरी सोडा. शिक्क्याचा पाव ते जास्तीत जास्त अर्धा भाग तिकिटावर आणि उरलेला कागदावर आला, तर चित्रही वाचता येतं आणि तिकीट रद्द झाल्याचंही दिसतं. पत्ता खाली उजवीकडे लिहा, वर कोरी जागा ठेवा. बरेच जण पत्ता मोठ्या अक्षरात मध्यभागी लिहितात आणि मग शिक्का पत्त्यावर चढतो.

वेरूळची_वाट
तिसऱ्या प्रश्नाबद्दल. नेटवर फिरणाऱ्या यादीवर आंधळा भरवसा ठेवू नका. शिक्का झिजतो, हरवतो, नवीन बनवताना रचना बदलते, कधी कार्यालयच दुसऱ्या इमारतीत जातं. यादीत नाव आहे म्हणून शिक्का आहे असं होत नाही, आणि यादीत नाही म्हणून नाही असंही होत नाही. आधी साधं पोस्टकार्ड टाकून विचारा. पोस्टकार्ड 50 पैशांत जातं, तेवढ्यात चौकशी होते. उत्तर आलं नाही तर त्या विभागाच्या अधीक्षकांच्या कार्यालयात विचारा, किंवा टपाल मंडळाच्या फिलाटेली ब्युरोकडे, म्हणजे संग्राहकांसाठीच्या कार्यालयाकडे. महाराष्ट्रात मुंबई जीपीओ, पुणे आणि नागपूरला ब्युरो आहेत.

नावाने सांगायचं तर अजिंठा आणि वेरूळ ही जोडी आपल्याकडची सुरुवात म्हणून बरी. राज्याबाहेर कोणार्क (पिन 752111) आणि खजुराहो (471606). शिर्डीचा पिन 423109, पंढरपूरचा 413304, त्र्यंबकचा 422212. हे पिन पाठ असले की शिक्क्यावरचे आकडे अर्धे उठले तरी ओळखता येतात, आणि कुणी भलत्याच गावचं पाकीट खपवत असेल तर तेही कळतं.

कागदी_घोडा
शबरीमला राहिलं की! सन्निधानमचं, म्हणजे देवळाच्या आवारातलं टपाल कार्यालय फक्त मंडल-मकरविळक्कु यात्रेच्या हंगामात चालतं, नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत धरा. पिन 689713. शिक्क्यावर अय्यप्पाची मूर्ती आणि अठरा पायऱ्या. हंगाम सरला की कार्यालयही बंद आणि शिक्काही बंद.

टपालखूण
म्हणजे तिथे पाकीट पाठवायचं तर कधी?

कागदी_घोडा
हंगाम सुरू झाल्यावर आठवड्याभरात पोचेल असं. मकरसंक्रांतीच्या आसपास पाठवू नका, तिथे मनीऑर्डरी आणि प्रसादाच्या व्यवहारातून कुणाला मान वर करायला फुरसत नसते. हिमालयातल्या देवळांनाही हाच हिशेब. केदारनाथची दारं भाऊबीजेला बंद होतात ती अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला उघडतात. मधल्या काळात पाठवलेलं पाकीट खालच्या गावातला साधा तारखेचा शिक्का घेऊन परत येतं.

आजीचा_बटवा
दुसरा प्रश्न कुणीच घेत नाहीये म्हणून मी घेते. विठ्ठलाच्या चेहऱ्यावर काळा ठप्पा मारून घेणं मनाला पटत नाही. आमच्याकडे लग्नपत्रिकेवरचा गणपतीसुद्धा कात्रीने कापून बाजूला ठेवतात.

गल्लीबोळ
ताई, मग टपाल खात्याने तिकिटं काढलीच नसती. तिकीट रद्द होण्यासाठीच असतं.

आजीचा_बटवा
@गल्लीबोळ खात्याने काढावीत की नाही हा प्रश्न नाही, आपण ठप्पा कुठे मागायचा हा आहे. मागणारे आपण आहोत.

कडकइस्त्री
दोघांचंही जमेल असा मार्ग आहे. देऊळ शिक्क्यात आहेच, मग ते तिकिटातही असायलाच हवं असं नाही. साधं मालिकेतलं तिकीट लावा, देवाचं चित्र शिक्क्यातच राहू द्या. किंवा मूर्तीऐवजी वास्तूचं तिकीट निवडा. 15 ऑगस्ट 1949 ची पुरातत्त्व मालिका बघा. 16 तिकिटं, त्यात घारापुरीची त्रिमूर्ती 9 पैवर, कोणार्कचा घोडा 6 पैवर, भुवनेश्वरचं देऊळ 4 आण्यांवर, खजुराहोचं कंदारिया महादेव 8 आण्यांवर. ही जुनी तिकिटं आज लावायला कुणी सांगत नाही. पण विषय कसा निवडावा याचा हा नमुना आहे: वास्तूचा एक ठळक भाग, स्वच्छ रेषा. अशा तिकिटाच्या कोपऱ्यावरून शिक्का गेला तर काही बिघडत नाही.

आणि ज्यांना मूर्तीचं तिकीटच हवं, त्यांनी शिक्का तिकिटाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यावर मागावा. सोबतच्या पत्रात तसं लिहिलं तर ऐकतात. पेन्सिलीने हलकी गोल खूण करून दिली तर जास्तच ऐकतात.

आजीचा_बटवा
पेन्सिलीची खूण ही कामाची गोष्ट. पटलं. कोपऱ्यावर असेल तर चालेल.

गल्लीबोळ
पण मग मॅक्झिमम कार्डचं, म्हणजे चित्रकार्डावर त्याच विषयाचं तिकीट लावून शिक्का घेतात त्याचं काय? तिथे तर तिकीट चित्राच्याच बाजूला लागतं आणि देवावर देव आणि देवावर शिक्का.

कडकइस्त्री
मॅक्झिमम कार्ड हा वेगळा आणि कडक प्रकार. तिथे तिकीट, चित्रकार्ड आणि शिक्का या तिन्हींचा विषय, जागा आणि काळ जुळावा लागतो. खजुराहोचं कंदारिया तिकिटावर, तेच देऊळ कार्डावर आणि शिक्का खजुराहोचाच. दिल्लीत मारलेला शिक्का जागेच्या कसोटीत मागे पडतो. कार्ड 90 बाय 140 ते 105 बाय 148 मिमी या मापातलं. चित्राने किमान तीन चतुर्थांश जागा व्यापलेली हवी. तिकीट एकच, चित्राच्या बाजूलाच. कार्ड बाजारात आधीपासून मिळणारं असावं. तिकिटाचंच चित्र मोठं करून घरी छापलेलं कार्ड स्पर्धेत चालत नाही. इथे सचित्र शिक्क्याची किंमत कळते, कारण साध्या तारखेच्या शिक्क्यात जागा जुळते, विषय जुळत नाही. पीपीसीत दोन्ही जुळतात.

चित्रकार्ड चकचकीत असतं हीच गोची. पृष्ठभाग मॅट असेल असंच कार्ड घ्या. चकचकीतच असेल तर शिक्का बसल्यावर एक पूर्ण दिवस उघडं वाळू द्यावं लागतं, आणि ते टपालाने मागवताना शक्य नाही. म्हणून मॅक्झिमम कार्डासाठी माझं मत: स्वतः जाऊनच.

शाईवाला
+1. जाऊन घेणार असाल तर दोन गोष्टी खिशात ठेवा: माऊसपॅडच्या जाडीचा रबरी तुकडा आणि टिपकागद. टेबलाची लाकडी फळी खडबडीत किंवा मध्ये खोलगट झालेली असते, रबरी तुकडा पाकिटाखाली ठेवला की कडं पूर्ण उठतं. आधी एका कोऱ्या कागदावर एक ठसा मागा. त्यावर तारीख बरोबर आहे का, पिन वाचता येतो का, कुठली बाजू कमी उठते ते दिसतं. मग पाकीट पुढे करा. सकाळी जा. दुपारी टपालाची पिशवी बंद करायची वेळ झाली की चार पाकिटांसाठी कुणी शांतपणे उभं राहत नाही, आणि त्यांचंही काही चुकत नाही.

दक्षिणद्वार
तारखेबद्दल कुणी बोललं नाही. काही सचित्र शिक्क्यांत तारखेची जागा असते, काहींत नसते. नसेल तर शेजारी साधा तारखेचा शिक्काही मारून मागा, नाहीतर पाकीट कुठल्या सालचं हे पुढे कुणालाच कळणार नाही. दोन शिक्के एकमेकांवर चढणार नाहीत इतकी जागा सोडा. तारखेचा शिक्का डावीकडच्या कोऱ्या जागेत मागितला तर छान दिसतं.

कागदी_घोडा
आषाढीला पंढरपूरचा, महाशिवरात्रीला त्र्यंबकचा, अशी तारीख धरून घेतलं की पाकिटाला वजन येतं.

दक्षिणद्वार
@कागदी_घोडा येतं, पण आधी खात्याची सुट्ट्यांची यादी बघा. त्या दिवशी कार्यालय बंद असेल तर ती तारीख मिळत नाही. तिथी दरवर्षी सरकते, त्यामुळे गेल्या वर्षीचा अंदाज उपयोगाचा नाही. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून आषाढी जुलैच्या शेवटच्या आठवड्याकडे जाते. आणि पंढरपुरात त्या दिवशी जाऊन खिडकीपाशी पोचणं ही स्वतंत्र वारीच आहे. आधी टपालाने पाकिटं पाठवून पत्रात ठळक तारीख लिहिणं सोपं.

एक मात्र कुणी करू नका: मागची तारीख मारून मागणं. कर्मचाऱ्याला अडचणीत टाकता आणि पाकिटाची साक्षच खोटी ठरते.

नवखा_संग्राहक
फिका ठसा पेनाने गडद केला तर?

शाईवाला
पाकीट रद्दीत. भिंगाखाली पेनाची रेघ लगेच वेगळी दिसते: शिक्क्याची शाई कागदाच्या तंतूंवर बसते, पेनाची तंतूंत खोबण करते. फिका ठसा फिकाच ठेवा, जमलं तर दुसरं पाकीट पाठवा.

वेरूळची_वाट
जांभळ्या शाईचे ठसेही हल्ली दिसतात, नेहमीचं स्टँप पॅड वापरल्यामुळे. ती शाई पाण्यात विरघळते, दमट हवेत कडेने पसरते. पत्रात "काळ्या टपाल शाईत मारावा ही विनंती" एवढं एक वाक्य घाला.

गावांची नावं बदलल्याचाही विचार करा. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, अहमदनगरचं अहिल्यानगर, उस्मानाबादचं धाराशिव झालं. जुन्या नावाचा शिक्का असलेलं पाकीट आणि नव्या नावाचा शिक्का असलेलं पाकीट शेजारी ठेवलं तर एक पान आपोआप तयार होतं. जुनी पाकिटं विकून टाकू नका.

गडकरी_नव्हे
देवळांवरून किल्ल्यांवर येऊ का जरा? जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशात गेले. त्यातले 11 महाराष्ट्रात: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग. बारावा तमिळनाडूतला जिंजी. पायथ्याच्या कार्यालयांत सचित्र शिक्के मागायला हीच वेळ आहे.

गल्लीबोळ
आयडीवरून आधी वाटलं रस्त्यांबद्दल काहीतरी असणार.

गडकरी_नव्हे
म्हणूनच "नव्हे" लावलंय. मुद्दा असा की नवीन शिक्क्याचा प्रस्ताव संग्राहक मंडळही पाठवू शकतं: वास्तूचं स्वच्छ रेखाचित्र, तिचं थोडक्यात महत्त्व, जवळचं टपाल कार्यालय. चित्रात रेषा कमी ठेवा. तीन सेंटिमीटरच्या गोलात बुरुज, दरवाजा, तटबंदी, भगवा आणि समुद्र असं सगळं कोंबलं तर पहिल्या वर्षातच रबर बुजतं. सिंहगडाचं तिकीट 1984 च्या किल्ल्यांच्या संचात आहे, ग्वाल्हेर, वेल्लोर आणि जोधपूरबरोबर. त्यातली रचना बघून घ्या.

पागोळी
साठवणीचं कुणी सांगा ना. कोकणात सगळं तांबूस डागांनी भरतं.

चिकटपट्टी
@पागोळी पीव्हीसीच्या पिशव्या अजिबात नकोत. नव्या पिशवीला रेक्झिनसारखा वास येत असेल तर ती पीव्हीसी समजा. त्यातलं द्रव्य शाई ओढून घेतं आणि ठसा पिशवीला चिकटतो. पॉलिप्रॉपिलीनच्या किंवा पॉलिस्टरच्या पारदर्शक पिशव्या घ्या. पाकिटं उभी ठेवा, दाबून भरू नका. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि रंग बदलला की बदला. पावसाळा संपल्यावर एका कोरड्या दिवशी सावलीत पंख्याखाली पसरा, उन्हात नको. आणि आतलं कडक कार्ड आम्लमुक्त नसेल तर संग्रहात ठेवताना काढून टाका.

आजीचा_बटवा
डांबराच्या गोळ्या?

चिकटपट्टी
पाकिटांच्या डब्यात नको. वाफ प्लास्टिकवर आणि शाईवर बसते. कपड्यांच्या कपाटातच ठीक आहेत.

नवखा_संग्राहक
देवस्थानांजवळ मिळणाऱ्या "माय स्टॅम्प"वर शिक्का घेतला तर चालेल का? 12 तिकिटांचा ताव 300 रुपयांना असतो तोच.

कडकइस्त्री
चालेल, पण त्यात देवळाचा फोटो आणि खरं तिकीट हे दोन वेगळे भाग शेजारी असतात. शिक्का फोटोवरच पडला आणि तिकीट कोरं राहिलं, तर टपालाच्या दृष्टीने काहीच रद्द झालं नाही. दोन्हींच्या मधल्या दातेरी रेघेवर मागा.

टपालखूण
भरपूर मिळालं, सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नाकडे येतो: साध्या पाकिटांसाठी टपालाने, मॅक्झिमम कार्डासाठी जाऊन, असं धरतो. आता टपालाने पाठवायचं तर नेमकं काय काय घालायचं आणि तिकिटं किती?

दक्षिणद्वार
आत: तिकीट लावलेली तुमची पाकिटं, मधले टिपकागद, विनंतीपत्र, आणि स्वतःचा पत्ता लिहून तिकिटं लावलेला मोठा परतीचा लिफाफा, मधोमध एकदाच दुमडलेला.

वजनाचा हिशेब करा. 10 बाय 15 सेंमीचं 300 जीएसएमचं कार्ड साडेचार ग्रॅम, लिफाफा पाच-सहा ग्रॅम. म्हणजे एक पाकीट साधारण दहा ग्रॅम, 20 ग्रॅमच्या आत, 5 रुपयांचं तिकीट पुरतं. अशी चार पाकिटं, परतीचा लिफाफा आणि पत्र मिळून 50 ग्रॅमच्या वर जातात. स्पीडपोस्टचा पहिला टप्पा 50 ग्रॅमपर्यंतच असतो, त्यामुळे तीनच पाठवलीत तर खर्च आटोक्यात राहतो. 2025 मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीडपोस्टात विलीन झालंय, तेव्हा जुन्या मार्गदर्शिकांमध्ये "रजिस्टरने पाठवा" लिहिलेलं असेल तिथे स्पीडपोस्ट वाचा.

पाकिटं सुटी टपालात टाकून हाताळणीच्या खुणांसह परत हवीत की लिफाफ्यात बंद, ते पत्रात स्पष्ट लिहा. सुटी आली तर वितरणाच्या शिक्क्यासकट खरा प्रवास दिसतो, पण रस्त्यात यंत्राने मारायच्या शिक्क्याचा पट्टा देवळावरून फिरण्याची भीती असते.

वेरूळची_वाट
पत्राचा मसुदा देतो, हवा तसा बदला:

"मा. पोस्टमास्तर, सोबत तिकीट लावलेली तीन पाकिटे पाठवत आहे. कृपया आपल्या कार्यालयातील कायमस्वरूपी सचित्र शिक्का काळ्या शाईत, पेन्सिलीने दाखवलेल्या जागी, दि. ____ रोजी मारून द्यावा. शिक्क्यात तारीख नसल्यास डावीकडे तारखेचा शिक्काही मारावा. पाकिटे सोबतच्या लिफाफ्यातून परत पाठवावीत. शिक्का सध्या उपलब्ध नसल्यास पाकिटे साधा शिक्का न मारता परत करावीत."

शेवटचं वाक्य गाळू नका. ते नसेल तर शिक्का नसलेल्या कार्यालयातून साधा ठप्पा येतो आणि तिकीटही जातं. राज्याबाहेर पाठवताना हेच हिंदीत किंवा इंग्रजीत लिहा.

गल्लीबोळ
आणि परतीच्या लिफाफ्यावर स्वतःचा पिनकोड लिहायला विसरू नका. देवळाचा पाठ, घराचा चुकीचा, असे संग्राहक असतात म्हणे.

टपालखूण
वेरूळ आणि पंढरपूरला आधी चौकशीची पोस्टकार्डं टाकतो. शबरीमलाची पाकिटं नोव्हेंबरसाठी बाजूला काढून ठेवतो. शिक्के हातात आले की ठशांचे फोटो इथेच टाकेन, शाईवालांनी तपासून द्यावेत.

शाईवाला
टाका. 600 डीपीआयवर स्कॅन करा, मोबाईलच्या फ्लॅशने काढू नका. तेलकट शाई चमकते आणि फटी बुजल्यात की नाहीत ते कळत नाही.